पाहुण्यांची खोली सजवताना: आधी चित्र, मग रंग, मग सामान

पाहुण्यांच्या खोलीच्या वाट्याला बहुतेक घरांत उरलेसुरले सामान येते. दुसरीकडे मावला नाही म्हणून हलवलेला पलंग, जुने झालेले पडदे, आणि सगळे झाल्यावर भिंत रिकामी वाटते म्हणून उशाशी लटकवलेले एखादे चित्र. हा क्रम उलटा केला, म्हणजे चित्र आधी ठरवून त्याच्या आधाराने रंग, कापड, प्रकाश आणि सामान निवडले, तर फारसा खर्च न करताही खोलीला सलग रूप येते. त्यासाठी एक साधी गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी लागते. यजमान ही खोली दारात उभे राहून पाहतो, तर पाहुणा ती पलंगावर पडून पाहतो. आणि पलंगावर पडलेल्या माणसाला स्वतःच्या डोक्यावरचे चित्र दिसत नाही. पुढच्या सर्व पायऱ्या पाहुण्याच्या या नजरेतून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: पलंगावर पडून खोली पाहणे

चित्र शोधायला निघण्यापूर्वी पाठीशी दोन उशा घेऊन पलंगावर टेकून बसावे, मग आडवे व्हावे, आणि समोर काय काय दिसते ते कागदावर लिहून काढावे. कपाटाची दारे, स्विचबोर्ड, अर्धवट उघडे स्नानगृह, छताजवळची वायर अशा गोष्टी यजमानाला सवयीने दिसेनाशा झालेल्या असतात. पाहुण्याला पहिल्या रात्री त्याच दिसतात. टेकून बसल्यावर नजर आपोआप जिथे विसावते ती मुख्य चित्राची भिंत. आयताकृती खोलीत ती बहुधा पलंगाच्या पायथ्याकडची भिंत असते. पायथ्याशी भिंतभर कपाट असेल, तर बाजूची भिंत घ्यावी, शक्यतो खिडकीला काटकोनात असलेली, कारण खिडकीच्या थेट समोर टांगलेल्या काचेच्या चौकटीत चित्राऐवजी खिडकीच दिसते.

याच वेळी भिंतीची तब्येतही पाहून घ्यावी. ऊन कोणत्या वेळी कुठवर येते याच्या खुणा पेन्सिलीने कराव्यात. स्नानगृहाला लागून असलेली भिंत आणि पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत हाताला गार किंवा दमट लागत असेल, तर कागदावरचे चित्र तिथे लावू नये. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आणि शक्य तितकी स्थिर असावी. दमटपणा दीर्घकाळ त्याच्या वर राहिला की बुरशी आणि कसर यांना आमंत्रण मिळते. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट अंगावर येईल अशी जागाही टाळावी.

दुसरी पायरी: चित्राची निवड

पाहुण्यासाठी चित्रांनी खोली सजवण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८८८ मधले आहे. फ्रान्समधील आर्ल गावी चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने एक पिवळे घर भाड्याने घेतले होते आणि त्याचा चित्रकार मित्र पॉल गोगँ तिथे राहायला येणार होता. त्याच्यासाठी व्हॅन गॉगने ऑगस्टमध्ये सूर्यफुलांची चित्रे रंगवली आणि त्यांतली दोन पाहुण्याच्या खोलीत लावली. गोगँ २३ ऑक्टोबरला पोहोचला. ही दोन चित्रे आज लंडन आणि म्युनिक येथील संग्रहालयांत आहेत. त्या निवडीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. विषय एका दृष्टिक्षेपात कळणारा आहे, रंगांची संख्या मोजकी आहे, आणि तरीही जवळ गेल्यावर रंगाचा जाड थर आणि प्रत्येक फुलाचा वेगळा स्वभाव पाहण्यासारखा आहे. शयनगृहातल्या चित्रात हे दोन्ही गुण असावेत: दुरून शांत आणि जवळून भरगच्च.

म्हणून लांबवर नजर जाऊ देणारी निसर्गदृश्ये, वस्तुचित्रे, रिकाम्या खोल्यांची किंवा अंगणांची चित्रे, संयत अमूर्त रचना आणि विणलेली किंवा भरतकाम केलेली कापडे या खोलीत चांगली वठतात. थेट प्रेक्षकाकडे रोखून पाहणारे व्यक्तिचित्र दिवाणखान्यात कितीही भारदस्त दिसले, तरी अंधारात एकट्या झोपलेल्या परक्या माणसाला ते नकोसे होते. घरच्या माणसांची छायाचित्रेही इथे कमीच ठेवावीत, नाहीतर आपण दुसऱ्याच्या खासगी जागेत झोपलो आहोत असे पाहुण्याला सतत वाटत राहते. ‘सुस्वागतम्’ अशा अक्षरांच्या पाट्यांबद्दल एवढेच म्हणता येईल की पाहुणा खोलीत आला तेव्हाच त्यांचे काम संपलेले असते.

मूळ चित्र घेणे शक्य नसेल, तर चांगल्या प्रतिकृतीत कमीपणा मानू नये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आपल्या संग्रहातील स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांना विनाअट खुल्या केल्या. ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो यांच्याकडूनही मोठ्या आकाराच्या अशा प्रतिमा उतरवून घेता येतात. छापताना एक हिशेब करावा. जवळून पाहायच्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे ४० × ६० सेंटिमीटरच्या प्रतीला सुमारे ४७०० × ७१०० पिक्सेलची फाइल हवी. तीच प्रत दोन मीटरवरून पाहायची असेल तर १५० ठिपकेही चालतात. शाई पिगमेंट जातीची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, आणि कागद आम्लरहित असल्याची खात्री छापणाऱ्याकडून करून घ्यावी. चकचकीत कागदापेक्षा मॅट कागदावर दिव्याची झळाळी कमी येते, त्यामुळे या खोलीसाठी तोच योग्य.

तिसरी पायरी: जागा, आकार आणि उंची

कलादालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात, कारण तिथे प्रेक्षक उभा असतो. शयनगृहात हा आकडा जसाच्या तसा उचलला की चूक होते. गादीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून ५० ते ५५ सेंटिमीटरवर धरला, तर उशांना टेकलेल्या माणसाचे डोळे ढोबळमानाने १०५ ते ११५ सेंटिमीटरवर येतात. चित्रही तितकेच खाली आणावे का? तसे नाही. टेकलेल्या माणसाचे डोके किंचित मागे कललेले असल्यामुळे नजर थोडी वर जाते, शिवाय पलंगाचा पायथा चित्राचा खालचा भाग झाकू शकतो. पायथ्याच्या भिंतीवर चित्राचा मध्य १३५ ते १४० सेंटिमीटरवर ठेवल्यास पडलेल्या आणि उभ्या अशा दोन्ही माणसांना ते आरामात दिसते.

आकार अंतरावरून ठरवावा. चित्राच्या कर्णाच्या दीडपट ते दुप्पट अंतरावरून ते एका नजरेत मावते आणि तपशीलही हरवत नाही. दोन मीटर लांबीचा पलंग आणि पायथ्याशी चालायला ९० सेंटिमीटर जागा असेल, तर टेकलेल्या माणसाचे डोळे भिंतीपासून जवळजवळ अडीच मीटरवर असतात. त्या हिशेबाने १०० × ७५ सेंटिमीटरचे चित्र, ज्याचा कर्ण बरोबर १२५ सेंटिमीटर भरतो, अगदी चपखल बसते. एवढे मोठे चित्र हाताशी नसेल तर लहान चित्रांचा गट करता येतो. चौकटींमध्ये ५ ते ८ सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि संपूर्ण गट हे एकच चित्र समजून त्याचा मध्य वरच्या उंचीवर आणावा. अंतरे वाढली की गट विस्कटतो आणि भिंत सूचनाफलकासारखी दिसू लागते.

पायथ्याच्या भिंतीवर दूरदर्शन संच असेल, तर चित्राला दुसरी भिंत द्यावी. काळा चकचकीत आयत शेजारी असताना कोणतेही चित्र टिकत नाही. माझ्या मते पाहुण्यांच्या खोलीत संच नसलेलाच बरा.

आता उशाच्या भिंतीविषयी. ती पूर्णपणे मोकळी ठेवावी असे नाही, कारण दारातून आत येताना पहिली दिसते तीच. तिथे दुय्यम पण रुंद काहीतरी चालते: पलंगाच्या रुंदीच्या दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश रुंदीचे, पलंगाच्या उशाकडील फळीच्या वर १५ ते २० सेंटिमीटर अंतर सोडून. माझी पसंती टांगलेल्या कापडाला आहे. ते हलके असते, डोक्यावर पडले तरी इजा होत नाही, आणि खोलीतला आवाजाचा घुमाराही थोडा शोषून घेते. टेकून बसणाऱ्याचे डोके त्याला घासणार नाही एवढे मात्र पाहावे, कारण केसांच्या तेलाचे डाग कापडावरून निघत नाहीत.

चौथी पायरी: चौकट

कागदावरचे चित्र काचेला चिकटून राहता कामा नये. मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, किंवा बारीक पट्टी हवी, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग निघतो. मध्यम आकाराच्या चित्राला ६ ते ८ सेंटिमीटर रुंदीचे माउंट शोभते आणि खालची बाजू एखादा सेंटिमीटर जास्त ठेवल्यास चित्र घसरल्यासारखे वाटत नाही. माउंट व पाठीचा पुठ्ठा आम्लरहित असावा. साधा पुठ्ठा काही वर्षांत कागदाच्या कडा तपकिरी करतो आणि तो डाग पुन्हा जात नाही.

काच की ॲक्रिलिक (काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक), हा प्रश्न शयनगृहात सुरक्षिततेचाही आहे. ॲक्रिलिकचे वजन काचेच्या निम्म्याच्या आसपास असते आणि ते फुटून धारदार तुकडे होत नाहीत, त्यामुळे माणूस झोपतो तिथे तेच वापरावे. त्याला अपवाद कोळसा आणि पेस्टल यांचा: ॲक्रिलिकवर स्थिर विद्युतभार साचतो आणि सुटे रंगकण ओढून घेतो, म्हणून अशा चित्रांना काच लावून ती पलंगापासून दूर टांगावीत. तैलचित्राला काच लागत नाही.

पाचवी पायरी: टांगणे

चौकटीच्या आकाराचा जुन्या वर्तमानपत्राचा कागद कापून तो मास्किंग टेपने भिंतीला चिकटवावा आणि एकदोन दिवस तसाच राहू द्यावा. पलंगावरून, दारातून आणि खुर्चीतून पाहून तो वरखाली सरकवत राहावे. भोक पाडल्यानंतर मत बदलण्यापेक्षा हे सोपे.

हुकाची उंची काढण्यासाठी मध्याच्या उंचीत चौकटीची निम्मी उंची मिळवावी आणि चौकटीमागची ताणलेली तार तिच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितके त्यातून वजा करावे. मध्य १३८ सेंटिमीटरवर हवा, चौकट ८० सेंटिमीटर उंच आणि तार ८ सेंटिमीटर खाली, तर १३८ + ४० − ८ म्हणजे हूक १७० सेंटिमीटरवर येतो. हूक एकाऐवजी दोन लावावेत, म्हणजे दार आपटल्यावर चित्र तिरके होत नाही. मग तार दोन्ही हुकांवर टेकवूनच मोजावी. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून गिट्टी, म्हणजे स्क्रू घट्ट धरणारी खुंटी, ठोकावी आणि तिच्यात स्क्रू बसवावा. नुसता खिळा प्लास्टरपुरता धरतो. पोकळ भिंतीला त्या भिंतीसाठी बनवलेले वेगळे स्क्रू लागतात. भोक पाडण्याआधी त्या सरळ रेषेत वर किंवा खाली स्विच किंवा नळ नाही ना, हे पाहावे, कारण वायरी आणि पाइप बहुधा त्याच रेषेत गेलेले असतात. शेवटी चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना पाठीमागून रबरी किंवा बुचाच्या चकत्या चिकटवाव्यात, म्हणजे मागे हवा खेळती राहते आणि भिंतीवर ओरखडे उठत नाहीत.

सहावी पायरी: चित्रातून रंग उचलणे

इथे बहुतेक जण घाई करतात. चित्रातला सर्वांत उठावदार रंग पकडून तोच उशांना, पडद्यांना आणि गालिच्याला दिला जातो. परिणामी खोलीभर त्या रंगाचे ठिपके दिसतात आणि चित्रातला तोच रंग निस्तेज वाटतो. यामागे एक जुना शोध आहे. मिशेल यूजेन शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलिन्स विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळे सूत फिके दिसते अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासाअंती सुतात दोष आढळला नाही. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा रंग उतरल्यासारखा दिसत होता. शेजारी असलेले रंग एकमेकांचे रूप बदलतात, हा सिद्धांत त्याने १८३९ मध्ये विस्ताराने मांडला. भिंतीचा रंग हा चित्राचा सर्वांत मोठा शेजारी असतो.

म्हणून चित्र टांगायच्या भिंतीजवळ टेकवून ठेवावे आणि त्यातले पाच-सहा रंग वेगळे काढावेत. भिंतीसाठी त्यातला सर्वांत कमी लक्ष वेधणारा रंग घ्यावा: आकाशाच्या कडेची राखाडी, टेबलाखालची सावली, मागच्या टेकडीचा धूसर हिरवा. मग तो आणखी थोडा फिका आणि करडा करावा, कारण लहान नमुन्यावर सौम्य वाटणारा रंग चार भिंतींवर चढला की गडद भासतो. पडदे आणि मोठे पलंगपोस यांना चित्रातला दुसरा शांत रंग द्यावा. उठावदार रंग एखाद्या लहान उशीत किंवा दिव्याच्या बैठकीत एकदा, फार तर दोनदा यावा. सजावटकारांचे ६०-३०-१० हे प्रमाण, म्हणजे साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुय्यम आणि दहा टक्के ठळक, सुरुवातीला उपयोगी पडते. पण ठळक रंगाच्या दहा टक्क्यांत चित्रालाही धरावे, हे बरेचदा सांगायचे राहून जाते.

उदाहरणार्थ, चित्र समुद्राचे असेल तर भिंत निळी करण्याचा मोह आवरावा. फेसातला मळकट पांढरा किंवा ओल्या वाळूचा रंग भिंतीला दिला तर निळा फक्त चित्रात उरतो आणि दुप्पट खोल दिसतो. चित्र पिवळ्या-केशरी रंगांचे असेल तर किंचित निळसर झाक असलेली राखाडी भिंत त्याला उजळवते. कृष्णधवल छायाचित्राच्या बाबतीत कागदाचा पांढरा पाहावा: तो पिवळट असेल तर भिंतीचा पांढराही उबदार घ्यावा, कारण शुभ्र भिंतीवर तोच कागद जुनाट दिसतो.

रंगाचा नमुना सरळ भिंतीवर न लावता साधारण ६० सेंटिमीटर चौरस पुठ्ठ्यावर दोन हात द्यावा आणि तो चित्राशेजारी ठेवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहावा. पाहुणा या खोलीत मुख्यतः रात्री आणि पहाटे असतो, त्यामुळे दुपारचे मत शेवटी विचारात घ्यावे.

सातवी पायरी: प्रकाश

व्हॅन गॉगने त्याच पिवळ्या घरातली स्वतःची शयनखोलीही १८८८ मध्ये रंगवली. त्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात, पण रंगवल्या तेव्हा त्या फिकट जांभळ्या होत्या. मिश्रणातला तांबडा रंग प्रकाशाने उडून गेला आणि निळा मागे राहिला. प्रकाशाने होणारी ही झीज साचत जाते आणि भरून निघत नाही. त्यामुळे संग्रहालये जलरंग, छापचित्रे आणि कापडे यांच्यावर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश टाकतात आणि तैलचित्रांवर सुमारे २०० लक्स. उघड्यावरचे कडक ऊन मात्र लाखभर लक्सपर्यंत जाते. अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक ही झीज मंदावते, थांबवत नाही. थेट ऊन पडणाऱ्या जागी पर्याय एकच, तो म्हणजे चित्र तिथे न लावणे. पाहुणे नसताना जाड अस्तराचे पडदे ओढून ठेवले तरी चित्राचे आयुष्य पुष्कळ वाढते, आणि या खोलीत ते सहज जमते.

चित्रावर वेगळा दिवा हवा. तो २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर प्रकाशाचा, आणि रंगदर्शकता निर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे माप, सीआरआय) ९० किंवा अधिक असलेला एलईडी असावा. निर्देशांक कमी असेल तर तांबडे रंग मातकट दिसतात आणि सहाव्या पायरीतली सर्व मेहनत रात्री वाया जाते. छतावरून प्रकाश टाकताना दिव्याचा झोत उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करील असे पाहावे. त्यापेक्षा तिरका झाला तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत चकाकी येते, सरळ झाला तर चौकटीची सावली चित्रावर पडते. छत २.७ मीटर आणि चित्राचा मध्य १.४ मीटरवर असेल तर मधले अंतर १.३ मीटर, त्याला ०.५८ ने (३० अंशांच्या कोनासाठीचा गुणक) गुणले की दिवा भिंतीपासून सुमारे ७५ सेंटिमीटरवर येतो. हा दिवा मंद करता यावा आणि त्याचे बटण पलंगावरून हाताला लागावे. अनोळखी खोलीत मोठा दिवा बंद करून चाचपडत पलंगाकडे जाण्यापेक्षा चित्रावरच्या मंद प्रकाशात अंथरुणात शिरता येणे हेच मोठे आतिथ्य आहे. वाचनासाठी उशाशी स्वतंत्र दिवा ठेवावा, ज्याचा झोत पानावर पडेल पण समोरच्या काचेत उमटणार नाही. टेकून बसून एकदा तपासले की कळते.

आठवी पायरी: बाकीचे सामान

चित्राने रंग आणि लक्ष यांची व्यवस्था केली असल्यामुळे सामान जितके साधे तितके बरे. मोठ्या नक्षीचे पलंगपोस चित्राशी भांडते. एकरंगी पण जाडाभरडा पोत असलेले कापड शांत राहते आणि रिकामेही वाटत नाही. पलंगाच्या दोन्ही बाजूंना किमान ६० सेंटिमीटर जागा असावी. उशाशी गादीच्या उंचीचे मेज हवे, आणि त्यावर पाण्याचा तांब्या, फोन, चष्मा मावेल एवढी मोकळी जागा. म्हणजे शोभेच्या वस्तूंनी ते आधीच भरलेले नको. चार्जिंगची सोय तिथेच द्यावी.

बॅग ठेवायला ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीचे बाक किंवा घडीचे स्टँड लागते. ते नेमके मुख्य चित्राखाली ठेवले जाते, कारण पायथ्याशी जागा असते; पण उघडी बॅग चित्राखाली पसरली की भिंतीची शोभा संपते, म्हणून त्याला दाराजवळची किंवा कपाटाशेजारची जागा द्यावी. कपाटात एक कप्पा आणि काही हँगर खरोखर रिकामे असावेत. आरसा चित्राच्या समोर न लावता बाजूच्या भिंतीवर लावावा, नाहीतर खोलीत एकाच चित्राच्या दोन आवृत्त्या दिसतात.

चित्राविषयी चार ओळींचे कार्ड उशाच्या मेजावर ठेवण्याची कल्पना मला आवडते: चित्रकाराचे नाव, माध्यम, वर्ष, आणि ते या घरात कसे आले. मूळ कृती नसेल तर प्रतिकृती असे स्पष्ट लिहावे.

देखभाल

धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकावी. काच पुसायचे द्रव काचेवर थेट फवारू नये, ते कडेने आत झिरपते. कापडावर घेऊन पुसावे. ॲक्रिलिकला अमोनिया असलेले द्रव वर्ज्य, त्याने ते धुरकटते. पाहुणे गेल्यावर चौकट भिंतीपासून अलगद पुढे ओढून मागे ओल किंवा जाळी आहे का ते पाहावे. कागदावरची चित्रे वर्षानुवर्षे एकाच जागी न ठेवता दोन-तीन चित्रे आलटून पालटून लावावीत, आणि निवडताना त्यांचे शांत रंग एकाच कुळातले घ्यावेत, म्हणजे प्रत्येक वेळी भिंत रंगवावी लागत नाही. चौकटीच्या पाठीवर, चित्राच्या कागदावर नव्हे, टांगल्याची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवावी. चित्र किती काळ उजेडात होते हे त्यावरून कळते आणि पुढची अदलाबदल कधी करायची तेही ठरवता येते.